पिंजाऱ्याचा अंगठा आणि मुशी

कापसाला सोन्याचा भाव आला होता त्या वर्षांतली गोष्ट. अकोल्याहून गाठी घेऊन आम्ही तिघे मुंबईला गेलो. मी, मोर्शीकडचा एक गाडीवान आणि माझा शेजारी पिंजारी. वाटेत फुटणाऱ्या गाठींचा कापूस सारखा करायला त्याला सोबत घेतलं होतं. कुलाब्याला माल उतरवला, पण वजनाची पाळी आठ दिवसांनी होती. समुद्र तिघांनीही पहिल्यांदाच पाहिला.

किनाऱ्यावरच्या एका कोळ्यानं आम्हाला मुशी धरायला शिकवलं. माणसं खाणाऱ्या मोठ्या माशांच्या जातीचीच ती, पण हात-दीड हात लांब. अंग टाकी लावलेल्या जात्यासारखं खरखरीत. गळाला बांगड्याचा तुकडा लावायचा, भरतीच्या पाण्यात कमरेपर्यंत शिरून फेकायचा आणि ओढ लागली की दोरी खांद्यावर घेऊन वाळूकडे पळत सुटायचं.

पहिली मुशी वाळूवर आली तेव्हा मीच पिंजाऱ्याला म्हणालो की तू डोकं धर, मी गळ काढतो. त्यानं धरलं. ती वळली, त्याचा उजवा अंगठा मुळाशी फाडला आणि लाटेबरोबर निसटली.

कोळ्यानं हळद दाबून फडकं बांधलं. पिंजारी हाताकडे बघत एवढंच म्हणाला, "आता कमानीच्या तातीवर ठोका देऊन कापूस कसा पिंजू?"

मला तीच मुशी हवी होती. ती ओळखू येणार नव्हती, म्हणून सगळ्याच हव्या होत्या. चार दिवस मी पहाटेपासून पाण्यात उभा. गाडीवान दोरी ओढायचा आणि मी गाडीच्या जुवाची दांडक्यासारखी शिवळ घेऊन डोकी फोडायचो. खात नव्हतो, विकत नव्हतो. खायच्या नसतील तर मारू नका, असं कोळी सांगून गेला. गाडीवानही तिसऱ्या दिवशी कंटाळला. इकडे अंगठा सुजत चालला होता, तिकडे मी आणखी जोरानं हाणत होतो.

पाचव्या दिवशी मोठी मादी लागली. मारून तिचं पोट चिरलं, तर चार पिल्लं वाळूवर पडली. जिवंत होती. मी त्यांच्यावरही शिवळ उचलली.

पिंजारी मागे येऊन उभा राहिला होता.

"मले एका मुशीनं चावलं, या लेकराईनं नाई," तो म्हणाला. "आन् डोकं धर असं तूच म्हनलं होतं."

मग डाव्या हातानं एकेक पिल्लू उचलून त्यानं पाण्यात सोडलं. दोन पोहत गेली, दोन उलटी होऊन तरंगली. मी हललो नाही. मला त्याचाही राग आला होता.

अंगठा वाकडाच राहिला. अकोल्याला परतल्यावर तो कमान धरायचा आणि तातीवर ठोका त्याची बायको द्यायची. दरवर्षी मी गाद्यांचा कापूस त्याच्याकडेच नेला. आम्ही पाऊसपाण्याचं बोलायचो. त्या मुशीवरचा माझा राग काही गेला नाही.