ओढ्यापलीकडची माणसं

आमच्या गावची लोकसंख्या कुणी विचारली की मी उलट विचारते, फक्त गाववाले, की सगळे? चाकणच्या पट्ट्यात कंपन्या वाढल्या तशी खेड तालुक्यातली आमच्यासारखी गावं भरून गेली. मागची जनगणना झाली तेव्हा आम्ही राहतो त्या जागी ज्वारी उभी होती.

मी बीडकडची. नवरा इथं कंपनीत होता, पुढं मीही वायरिंगच्या लाइनीवर लागले. ओढ्यापलीकडं एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं आपल्या रानात पत्र्याच्या खोल्या बांधल्या होत्या, तिथं आम्ही राहायचो. चाळीच्या मागच्या भिंतीपासून शेजारच्या गावची शीव सुरू व्हायची. हे गाव म्हणायचं, तुम्ही तिकडचे. ते म्हणायचं, तुम्ही इकडचे. आम्हालाही त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. शिफ्ट गाठायची, सणाला आपापल्या गावी पळायचं.

मग शेजारची परभणीची मुलगी खोलीतच बाळंत झाली. रिक्षा यायच्या आत बाळ आलं. चाळीतल्या एका थोरल्या बाईनं सगळं निभावलं, मी नुसती त्या मुलीचा हात धरून बसले होते. मुलगी झाली, ठणठणीत.

जन्माची नोंद करायला तिचा नवरा ग्रामपंचायतीत गेला, तर त्याला शेजारच्या गावाला पाठवलं. तिथून परत इकडं. तो रडवेला होऊन माझ्या दारात आला.

"वहिनी, नुसते खाडे होतायत. माझी पोरगी कुणीच लिहून घेईना."

"ग्रामसभा आहे ना या आठवड्यात," मी म्हटलं. "बाळाला घेऊनच जाऊ."

देवळाच्या सभामंडपात गाव बसलं होतं. आम्ही चाळीतल्या बायका आत शिरलो तशा माना वळल्या. मी उभी राहिले. मशिनींच्या आवाजात बोलायची सवय होती, त्यामुळं माइक लागला नाही.

"ही मुलगी मागच्या आठवड्यात जन्मली. कुठल्या गावात जन्मली, एवढंच आम्हाला सांगा."

कुणीतरी हसलं. एक जण म्हणाला, "भाडेकरूंनी आपल्या गावाकडं नोंद करावी."

"जिथं जन्म, तिथं नोंद, भाऊ. आईबापाचं गाव तिनं अजून बघितलेलंसुद्धा नाही."

तेवढ्यात आमचा घरमालक उठला. त्याचा मला अजिबात भरवसा नव्हता. चाळीत आला की तो फक्त नळ नीट बंद करा म्हणून ओरडायचा.

"पोर माझ्या रानात जन्मली," तो म्हणाला. "रान या गावचं हाय का न्हाई? मंग पोर कुटली?"

सरपंचबाईंनी ग्रामसेवकाकडं पाहिलं. "भाऊसाहेब, घ्या नोंद." आणि त्यांनी बाळाला स्वतःच्या मांडीवर घेतलं.

त्या दिवसापासून चाळीचा नूर बदलला. बऱ्याच जणांनी मतदान इथं आणलं. प्रभाग पाडताना जुनीच लोकसंख्या धरली आणि आम्हाला गावठाणाच्या एका प्रभागाला शेपटासारखं जोडलं. पण मतदार यादी तर नवी होती, तीत आमची नावं होती. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, मी अर्ज भरला. समोर घरमालकाचाच पुतण्या होता. म्हातारा मुद्दाम येऊन सांगून गेला.

"पोरीचं येगळं, मताचं येगळं. माझं मत पुतण्याला."

"द्या की बाबा," मी म्हटलं. "मी बाकीची मागते."

आणि मागितली. सेकंड शिफ्टला जाण्याआधी चाळी पालथ्या घातल्या, गावठाणातल्या ओट्यांवरही जाऊन बसले. तिथल्या बायकांनी चहा पाजला, माहेर विचारलं आणि मतंही दिली. मी निवडून आले.

आता घरमालक मला चाळीत भेटला की आधी गावची गाऱ्हाणी सांगतो, मग नळावर येतो. उद्याच्या मासिक सभेसाठी मी शिफ्ट बदलून घेतली आहे. ओढ्यापलीकडं अंगणवाडी हवी, हा विषय आहे, आणि तो मी मंजूर करून घेणार आहे.