पिंगळ्याचा फ्रिज

माझ्या जिभेला हाड नाही असं घरचे म्हणतात, आणि ते खोटं नाही. रिक्षावाल्याशी भांडते, सोसायटीच्या सेक्रेटरीला तोंडावर बोलते. पण ही एक गोष्ट मी घरातही कधी पुरती सांगितलेली नाही. सांगायला लागलं की मी आपोआप स्वतःची बाजू घ्यायला लागते आणि मग माझाच मला संताप येतो. इथे तरी ती घेणार नाही.

मी राहते बदलापूरला आणि काम करते उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. लॅब दुसऱ्या मजल्यावर. खालच्या मजल्यांवर जीन्स शिवतात, त्यांच्या मशिनांचा खडखडाट दिवसभर तळपायांना जाणवतो. करोनाच्या वर्षात आमच्या सरांनी विषाणू तपासायचं मोठं मशीन घेतलं. साथ गेली, मशीन राहिलं. ते नुसतंच बसून होतं तेव्हा पाखरांवर संशोधन करणाऱ्या एक मॅडम आमच्याकडे आल्या.

त्यांचं पाखरू म्हणजे रानपिंगळा. ओंजळीत मावेल एवढं घुबड. बारवी धरणाच्या मागच्या जंगलात जुन्या झाडांच्या ढोल्यांमधून थोडेफार उरलेत म्हणे. ते कमी का होतायत हे मॅडमना शोधायचं होतं. झाडं तुटली म्हणून, की जंगलाला लागून ज्या वाड्या आहेत तिथल्या कोंबड्यांचे रोग त्यांना जडतात म्हणून? त्यामुळे पिंगळ्याची शीट आणि वाड्यांवरच्या कोंबड्यांच्या घशात फिरवलेल्या काड्या अशा दोन्ही गोष्टी माझ्या टेबलावर यायच्या. खालचे जीन्सवाले मला 'चिडियावाली दीदी' म्हणायला लागले. मला ते आवडायचं, कशाला खोटं बोलू.

प्रोजेक्टने एक नवा फ्रिज दिला. त्याला एक मीटर होतं. आतलं तापमान जरा वर गेलं की मॅडमचा मोबाईल वाजायचा आणि पाठोपाठ माझा. माणसांचे नमुने आमच्या जुन्याच फ्रिजमध्ये. त्या फ्रिजला कोणाचा मोबाईल जोडलेला नव्हता.

आता शुक्रवारचं सांगते, म्हणजे सगळं कळेल. आमच्या पट्ट्यात शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून दुरुस्तीच्या नावाखाली सकाळी लाईट जाते ती संध्याकाळी येते. आमच्या इन्व्हर्टरवर दोनपैकी एकच फ्रिज चालायचा. कुठला चालवायचा यावर आमच्याकडे कधी बोलणंसुद्धा झालं नाही. ज्याची बोंब होते त्याची वायर इन्व्हर्टरला. दर शुक्रवारी सकाळी मी स्वतः माणसांच्या फ्रिजचा प्लग काढून तिथे पिंगळ्याच्या फ्रिजचा लावायची आणि सगळ्यांना सांगायची, जुना फ्रिज उघडू नका, थंडावा टिकेल. पिंगळ्याच्या फ्रिजच्या दारावर 'फक्त प्रोजेक्टचे नमुने' असा कागदही मीच चिकटवला होता, कारण सरांनी एकदा त्यात दहीवड्यांचा डबा ठेवला होता.

सुरुवातीला कोंबडीच्या घशात काडी कशी घालायची ते शिकवायला मॅडम मला एकदा वाडीवर घेऊन गेल्या होत्या. एका घराच्या अंगणात आम्ही बसलो. त्या घरातली सहाएक वर्षांची मुलगी एकेक कोंबडी पकडून आणायची, पंख दाबून धरायची आणि आम्हाला दटावायची, "हिला हळू करा, ही भित्री हाय." मी म्हटलं, तुलाच नोकरीवर ठेवते. तर म्हणाली, "मना शाळा हाय."

पुढे ऑक्टोबरात त्याच वाडीतल्या एका कोंबडीचा नमुना फुकट गेला. ते कसं कळतं तेही सांगते, फार अवघड नाही. मशीन प्रत्येक नमुन्यात दोन गोष्टी शोधतं. एक म्हणजे विषाणू. दुसरी म्हणजे ज्या जिवाचा नमुना आहे त्याचा स्वतःचा काही अंश. ही दुसरी रेषा उमटलीच नाही, तर काडी घशाला लागली नाही किंवा माल वाटेत खराब झाला. मग 'विषाणू नाही' असं लिहायचं नसतं. 'नमुना परत घ्या' असं लिहायचं. पहिला महिना शिकणाऱ्या पोरीलाही हे येतं. मी तो कोंबडीचा नमुना पुन्हा लावला, पुन्हा रेषा नाही, म्हणून मॅडमना फोन केला. त्या बिचाऱ्या दुसऱ्या दिवशी गाडी करून वाडीवर गेल्या, तीच कोंबडी शोधली आणि नवी काडी घेऊन आल्या. चांगलं काम करतोय याचा मला अभिमान वाटला होता.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी अंबरनाथच्या एका दवाखान्यातून एक नमुना आला. मुलगी, वय सहा, ताप, धाप, फ्लूची शंका. लाईट गेलेली होती. नळी मी जुन्या फ्रिजमध्ये ठेवली. त्या फ्रिजला खेटून पिंगळ्याचा फ्रिज मस्त थंड चालू होता आणि त्यात दोन कप्पे रिकामे होते. माझ्या मनात आलंच नाही असं नाही. आलं, आणि मी दारावरचा माझाच कागद वाचला. ऑक्टोबरचं ऊन, बंद खोली, संध्याकाळपर्यंत जुना फ्रिज आतून कोमट झाला होता.

शनिवारी सकाळी आल्या आल्या मी मशीन लावलं. जिन्यात एक बाई बसली होती. आमच्या रिसेप्शनवरची सिंधी मुलगी म्हणाली, "दीदी, वो रिपोर्ट के लिए आई है. सुबह से बैठी है, पानी भी नहीं पिया." दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, रिपोर्ट आण. फ्लू निघाला तर औषध चालू करायचं आणि पोरीला ठेवून घ्यायचं, नाही निघाला तर साधा ताप आहे, घरी न्या, खाटा कमी आहेत. रिपोर्ट आम्ही फोनवर पाठवतो, तो तिला उघडता आला नसता, म्हणून ती कागद न्यायला स्वतःच आली होती.

आमच्या लॅबमध्ये समोरच्याच्या पायातल्या चपला बघून अहो-जाहो ठरतं. मी तिला म्हटलं, "ए बाई, जिना अडवू नको, कडेला हो. बोलावते." ती भिंतीला सरकली आणि म्हणाली, "ताई, तुमीच आलेल्या ना आमच्याकडं, कोंबड्यांना?" मी हो हो म्हटलं आणि आत गेले. तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. कोणाची आई, कुठली वाडी, काही जोडलं नाही डोक्यात. आमच्याकडे नळीवर बारकोड असतो, माणूस नसतो.

मशीन थांबलं. पोरीच्या नमुन्यात विषाणूची रेषा नव्हती, आणि दुसरी रेषाही नव्हती.

मी सरांना दाखवलं. सर नाकाने कांदे सोलणाऱ्यांपैकी. हातमोजे न घालता कोणी नळीला हात लावला तर अर्धा तास भाषण. पण लॅबची तपासणी जवळ आली होती आणि महिन्यात किती नमुने परत मागवले याचा तक्ता तपासणीच्या साहेबांना दाखवावा लागतो. तो आकडा वाढला की लॅबच्या क्वालिटीला बट्टा. सर म्हणाले, "विषाणू आहे का? नाही ना? मग नाही लिही. परत काडी मागवली तर दवाखाना दुसऱ्या लॅबकडे जाईल. आणि हे लोक परत कुठे येतात?"

त्यांच्यावर ढकलून मोकळी होऊ शकते मी. पण सही माझी होती. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं, एवढ्या लांबून कुठे परत येतात. मी 'निगेटिव्ह' टाईप केलं, छापलं आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली.

ती धावत वर आली. "काय निघालं, ताई?"

"काही नाही निघालं."

तिने तो कागद कपाळाला लावला. माझ्या पाया पडायला वाकली, मी मागे सरकले आणि म्हटलं, "जा आता, पोर वाट बघत असेल." हे मी चांगुलपणाने बोलले होते. दुपारी दवाखान्याने मुलीला घरी सोडलं.

दहा-बारा दिवसांनी मॅडम आल्या तेव्हा त्यांची नमुन्यांची पेटी अर्धीच भरलेली होती. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "त्या अंगणातल्या कोंबड्या राहिल्या या वेळी. त्या घरातली मुलगी गेली ना तापाने. घरी आणल्यावर दोन दिवसांत. अशा वेळी काड्या कशा घेणार? माझ्या नोंदीत आता खाडा पडणार." मग डोळे पुसत म्हणाल्या, "कोंबड्या धरून द्यायची गं ती."

तेव्हा माझ्या डोक्यात ते अंगण, ती जिन्यातली बाई आणि ती नळी एकत्र आली. मी उठून मोरीत गेले. मग तोंड धुतलं आणि उरलेला नमुना शोधून काढला, तो अजून टाकलेला नव्हता. पुन्हा मशीनवर लावला. विषाणू नाही, माणूसही नाही. दुसऱ्यांदाही तेच. त्या काडीवर ती पोर नव्हतीच मुळी. तिने तोंड मिटून घेतलं म्हणून काडी घशाला लागली नाही, की शुक्रवारी माझ्या फ्रिजमध्ये सगळं सडलं, हे आता कोणालाच कळणार नाही. तिला फ्लू होता की नव्हता, हेही नाही. नळीत काडी ज्या गुलाबी पाण्यात बुडवून येते, त्या नुसत्या पाण्याचा मी रिपोर्ट दिला होता आणि त्या पाण्याच्या भरवशावर तिचं औषध चालू झालं नाही.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "रिपोर्ट गेलाय. सही तुझी आहे. आता उकरून कोणाचं भलं होणार?" आणि पुढच्या आठवड्यात तपासणीचे साहेब आले. आमचा परत मागवलेल्या नमुन्यांचा तक्ता बघून म्हणाले, छान काम आहे. सरांनी पेढे मागवले. मीही एक खाल्ला. का खाल्ला, माहीत नाही. हातात दिला म्हणून खाल्ला.

त्यानंतर एका रविवारी मी वाडीवर गेले. बदलापूरहून टमटम धरली, उरलेलं चालले. शेतात भात कापून झालं होतं, अंगणात भारे रचलेले. ती बाई एकटीच झोडत होती. मला बघून तिने हातातला भारा खाली ठेवला, घोंगडी अंथरली आणि पाणी आणलं. मी तांब्या बाजूला ठेवला.

ती स्वतःच बोलायला लागली. वाडीत लोक म्हणायला लागले होते की पोर कोंबड्यांच्या रोगाने मेली. हिच्या घरचं पाणी कोणी पिईना, विहिरीवर बाया बाजूला सरकायच्या. "मंग मी तुमचा कागद दाखवला. सरपंचांनी वाचला सगळ्यांसमोर. काय नाय निघालं, म्हणाले. तवापासून गप झाले सगळे." कुडाच्या भिंतीत खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढून तिने मला तो कागद दाखवला. खाली माझी सही. "तुमच्या कागदानं आमाला वाडीत ठेवलं, ताई."

उठून निघून यावं, असं मला वाटलं. तिला तो कागद हवा होता आणि मी गप्प राहिले असते तर तिचं काही बिघडणार नव्हतं. पण तिने माझे आभार मानले होते ना, ते मला सोसवेना. म्हणजे बघा, तिला खरं सांगितलं तेही तिच्यासाठी नाही, माझी आग शमावी म्हणून.

मी सगळं सांगितलं. म्हटलं, तो कागद खोटा आहे. तुमच्या मुलीच्या घशातलं आमच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं. परत काडी घ्यायला सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. परत घेतली असती तर कदाचित फ्लू निघाला असता, डॉक्टरांनी ठेवून घेतलं असतं, औषध दिलं असतं. मी तिला तुम्ही म्हणत होते, ते तिच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

तिने आरडाओरडा केला नाही. मी तर ती मला झाडूने मारेल या तयारीने गेले होते. तिने त्या कागदाच्या घड्या बोटाने सारख्या केल्या. मग तिने विचारलं, "मंग सांगितलं का नाय?"

मी खरं तेच बोलले. "वाटलं, एवढ्या लांबून तुम्ही परत कुठे येणार."

तिने पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. "कोंबडीच्या वेळंला म्याडम परत आलेल्या, गाडी करून," ती म्हणाली. "माज्यासाठी तर कुनाला यायचं पन नव्हतं. पोर दवाखान्यात होती. मी तुमच्या जिन्यात बसलेली."