कैलासच्या नावेची बॅटरी

रत्नागिरीहून निघताना माझ्या बॅगेत कपड्यांपेक्षा हत्यारंच जास्त होती. मीटर, पाने, वायरचं एक वेटोळं. तीस वर्षं मी मासेमारीच्या होड्यांची विजेची कामं करतो आहे. देवासचा माझा मामेभाऊ दत्तूदादा फोनवर एवढंच म्हणाला होता, "एका नावेसाठी बॅटरी घ्यायची आहे. तू ये. मला आता स्वतःचा भरोसा राहिला नाही."

इंदूरहून बसने देवास गाठलं तेव्हा मावठा (हिवाळ्यातला अवकाळी पाऊस) लागला होता. टेकडीवरचं देवीचं देऊळ ढगात दिसेनासं झालं होतं. वहिनींनी दाल-बाफले (कणकेचे उकडून भाजलेले गोळे) केले होते. दादाने एक बाफला कुस्करला आणि तसाच ठेवला. मग सांगायला लागला.

तो धार जिल्ह्यात नर्मदेकाठच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा. पुढे धरणाचं पाणी चढलं आणि ते गाव डुबेत (पाण्याखाली गेलेल्या भागात) गेलं. त्याचा जुना विद्यार्थी कैलास तिथेच नाव चालवतो. कैलासचा खांदा निकामी झाला, तेव्हा दादाने त्याला बॅटरीवर चालणारी छोटी मोटर घेऊन दिली आणि सोबत एक ट्रकची बॅटरी. गेल्या पावसाळ्यात कैलासच्या बायकोला साप चावला. तिला घेऊन निघालेल्या नावेची मोटर मध्यावर बंद पडली. एका हाताने वल्हवत तो काठाला पोचला, तोवर ती गेली होती.

"बॅटरी चांगली मोठी होती रे," दादा म्हणाला. "मी तर मोठी बघूनच घेतली होती."

ट्रकची बॅटरी इंजिनाला एक जोराचा धक्का देण्यासाठी असते. तिच्यातून तासन्‌तास वीज ओढत राहिलं, पुन्हा पुन्हा तळापर्यंत रिकामी केली, की तिच्या पातळ प्लेटा खराब होतात. नावेला डीप सायकल बॅटरी लागते, जाड प्लेटांची, हळूहळू वीज देणारी. हे त्याला आता कुणीतरी सांगितलेलं होतं. म्हणूनच त्याने मला बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात गेलो. दुकानदाराने इन्व्हर्टरची उंच बॅटरी पुढे केली. "भिया (भाऊ), ये ले जाओ. घर-घर में चल रही है."

"नाव हलते. यातलं अ‍ॅसिड सांडेल," मी म्हणालो.

मग त्याने लिथियम दाखवली. वजनाला हलकी, पण संपत आली की एकदम बंद होते. साधी बॅटरी आधी मोटरचा वेग कमी करून निदान इशारा देते. मी दादाला विचारलं, "पलीकडे जायला किती वेळ लागतो?"

"चाळीस मिनिटं."

अर्ध्या वेगावर ती मोटर तीस अँपिअर ओढते. जाऊन-येऊन चाळीस अँपिअर-तास. शंभर अँपिअर-तासांची एक बॅटरी पुरली असती, तीही निम्मी वापरायच्या आत. मी बंद डब्याच्या, अ‍ॅसिड न सांडणाऱ्या दोन जेल बॅटऱ्या निवडल्या आणि मध्ये एक बदलायचा स्विच. एक चालवायची, दुसरी राखून ठेवायची. दुकानदाराला ते जास्त वाटलं. दादाने मात्र लगेच होकार दिला.

दादाच्या गाडीने आम्ही नर्मदेकडे निघालो; धारपर्यंत पाऊस सोबत होता. किल्ल्याच्या भिंती भिजून काळ्या पडल्या होत्या. मनावर गावाच्या पुढे एका टपरीवर गाडी थांबवली, तर चहा हातात घेऊन दादा म्हणाला, "कैलास मला काठावर उतरू देईल की नाही, माहीत नाही." मागच्या सीटखाली बॅटऱ्या दोरीने बांधल्या होत्या. खड्डा आला की तो वळून बघायचा.

काठावर पोचलो. पाण्यातून विजेच्या खांबांची टोकं वर आलेली होती. कैलास पन्नाशीचा, एक खांदा उतरलेला. त्याने दादाच्या पाया पडायला हात नेला आणि मध्येच थांबवला. "आओ माट्साब (मास्तर)."

वायर जोडायला तासभर लागला. दादा काठावरच उभा राहिला. मी आणि कैलास नाव घेऊन निघालो. मध्यावर आल्यावर स्विच तपासायला मी न सांगता पहिली बॅटरी बंद केली. मोटर थांबली. कैलासचा चांगला हात झटकन वल्ह्यावर गेला. मी स्विच फिरवला, नाव पुन्हा सरकली. त्याने वल्हं सोडलं नाही.

"यहीं," तो हळूच म्हणाला. "यहीं बंद हुई थी."

न सांगता तसं केल्याची मला फार लाज वाटली. मी माफी मागितली. त्याने नाव काठाकडे वळवली.

परत आल्यावर दादा त्याला म्हणाला, "कैलास, मुझसे गलती हुई."

"माट्साब, ‘गलती नहीं हुई’ बोलूँगा तो आप मानोगे नहीं," कैलास म्हणाला. "और ‘हाँ, हुई’ मुझसे बोला नहीं जाता." मग त्याने आम्हाला भाकरी आणि लसणाची चटणी दिली. तिघांनी गाडीच्या आडोशाला उभ्यानेच खाल्ली.

मी रत्नागिरीला परतलो. आता कुणी बॅटरी मागायला आलं की मी आधी विचारतो, काठ किती लांब आहे आणि नावेत कोण बसणार. एवढी वर्षं मी फक्त मोटर बघत होतो.

महिन्याभराने दादाचा फोन आला. पलीकडच्या वस्तीतल्या एका बाळंतिणीला कैलासने वेळेत पोचवलं होतं. बाळ-बाळंतीण दोघं ठीक होती.

"चांगलं झालं," मी म्हणालो.

"हो," दादा म्हणाला. "मोटर कुठेच थांबली नाही म्हणे."