चेंडूच्या मागचा खड्डा

आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला. हैदराबादेहून बी.ए. होऊन आलो आणि जालन्यात एका जिनिंग कारखान्यात इंग्रजी पत्रव्यवहाराच्या कामाला लागलो. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचो, आताही सांगतो. त्यात लाजायचं काय?

कारखान्याचे मॅनेजर पारशी होते. रविवारी ते जुन्या छावणीच्या मैदानावर गोल्फ खेळायचे. पलटण तिथून कधीच उठून गेल्ती, मैदान तेवढं उरलं होतं. हिरवळ कसली, नुसता मुरूम आणि कुसळं. खेळणारे म्हणजे आमचे साहेब आणि रेल्वेचे काही गोरे अधिकारी. आपल्याकडचा माणूस तिथं दिसायचा तो त्यांच्या काठ्यांची पिशवी उचलताना. त्या वर्षी साहेबांचा जोडीदार बदलीवर गेला आणि रेल्वेवाल्यांशी दरसालचा सामना तर जवळ आल्ता. साहेब मला म्हणाले, तू शीक, तूच माझा जोडीदार. पिशवी न उचलता त्या मैदानावर उभा राहणारा आपल्यातला पहिला मी असणार होतो. माझी झोपच उडाली.

पण चेंडू काही उडेना. हाताला सवय विटीदांडूची. विटी आधी उचलायची, मंग हवेत टोलवायची. तसंच मी चेंडूला खालून उचलायला जायचो. एखादा बरा लागायचा, पुढचा घरंगळत बाभळीत जायचा, त्याच्या पुढचा जागचा हलायचा नाही. साहेब एकच सांगायचे, "उठाव मत. नीचे मार, गेंद अपने आप उठती." मला हे बिलकुल पटत नव्हतं. खाली मारून वस्तू वर कशी जाईल? मी काठीला दोष दिला, मुरमाला दिला. शेवटी साहेबांनी बजावलं की तुझ्या काठीच्या टोकाचं लोखंड चेंडूच्या आधी मातीत घुसतं, ते थांबलं नाही तर मी दुसरा माणूस बघतो. मी म्हणालो, माझं लोखंड आधी चेंडूलाच लागतं. आणि मला खरोखर तसंच वाटत होतं.

मंग घरच्या अंगणात सराव सुरू केला. समोरच्या भिंतीवर जुनी वाकळ टांगायची, घराच्या बाजूला उभं राहून तिच्यावर चेंडू मारायचा. माझ्या स्वयंपाकासाठी आई वडीगोद्रीजवळच्या आमच्या गावाहून येऊन राहिली होती. सकाळी ती बाहेर आली तर दारापुढं सगळे टवके उडालेले.  उकरलेलं अंगण तिच्या लेखी अशुभ.

"लोकायचे पोरं शिकून खुर्चीत बसून राह्यलेत," ती म्हणाली, "माझं अंगण उकरून राह्यलं."

तिनं लगेच शेणानं सगळं सारवलं आणि मधोमध भिंतीला समांतर रांगोळीची पांढरी रेघ ओढली. रेघेच्या पलीकडं, भिंतीकडं, काय खणायचं ते खण म्हणाली. अलीकडं, घराच्या बाजूला, काठी टेकवायची न्हाई.

दुसऱ्या दिवशी मी चेंडू बरोबर त्या रेघेवर ठेवला आणि मारला. खाली पाहिलं. ओल्या सारवणावर लोखंडाचा ओरखडा रेघेच्या अलीकडं, चांगला वीतभर मागं सुरू झाल्ता. पुन्हा मारला. पुन्हा तिथंच.  साहेबांशी, स्वतःशी, मी छातीठोकपणे जे बोलत आल्तो ते सगळं तिथं खोटं पडलेलं होतं.

त्यानंतर चेंडूकडं लक्षच दिलं नाही. आईचं सारवण वाचवायचं, एवढंच. मनगटं उचलायची थांबवली. काठी खाली येताना अंगाचा भार डाव्या पायावर नेऊ लागलो. ती रोज सारवायची, रोज रेघ ओढायची, रोज बोलायची. एका सकाळी ओरखडा रेघेच्या पलीकडं सुरू झाला, आणि चेंडू वाकळेच्या वरच्या काठावर जाऊन धडकला. खाली मारला होता, वर गेल्ता. 

सामन्यात माझा पहिला टोला स्वच्छ लागला. सगळे आभाळाकडं बघत होते, मी जमिनीकडं. खड्डा चेंडूच्या जागेच्या पुढं होता. पण जमिनीकडं बघायची सवय लागली ती लागलीच. मी इतरांचे खड्डे बघू लागलो आणि चरकलो. साहेबांचा टोला आखूड पडत होता, आणि त्यांचा खड्डा मागं होता. दर वेळी मागं. ज्यांनी मला शिकवलं त्यांचाच.

आमचं हरणं दिसायला लागलं तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. रेल्वेवाल्यांच्या देखत बोलून गेलो, "साहेब, आपका गड्ढा गेंद के पीछे पड रहा."

 नोकरी गेली असं मी धरून चाललो. साहेब वाकले, खड्ड्यात बोट फिरवलं. सामना आम्ही हरलो. परतताना त्यांनी विचारलं, तू हे शिकलास कुठं? मी अंगणाचं सगळं सांगितलं. तर म्हणतात कसे, तुझ्या आईला पाठवून दे, बंगल्यामागं सारवून देईल.

मला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. तोंडातून निघून गेलं, "अम्मा नहीं आयेंगी. गोबर मैं लाता, लीपना आप."

 साहेब रागावले की काय, कळेना. पण पुढच्या रविवारी बाह्या दुमडून ते बंगल्यामागं उकिडवे बसले, मनगटापर्यंत शेणात हात. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसेना.

घरी येऊन आईला सांगितलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"आन् रेघ कोणी वढली?"

"मी."

"मंग वाकडीच असंल," ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.