बुकातलं नाव

मलकापुरात आमच्या शेजारी फौजेतले एक पेन्शनर हवालदार राहत. गावातला कुणी म्हातारा फौजी दिसला की त्याला ओट्यावर बसवून सांगत, “मिलिटरीच्या दवाखान्यात तुझ्यासंगं बायकूलाबी औषध मिळतं. पर पेन्शनच्या बुकात तिचं नाव कुठलं हाय रं, म्हायेरचं का सासरचं?”

म्हातारे लाजून हसत. हे मात्र कधी हसत नसत. लग्नात बदललेलं नाव कळवायचा अर्ज तिथंच बसून स्वतः लिहीत.

एकदा मी विचारलं, “एवढं तुम्हाला कसं माहीत?”

“आमच्या बुकात म्हायेरचंच राहिलं व्हतं. ती लई आजारी पडली, तर बुकातली बायकू ही न्हवं म्हणून दवाखान्यानं परत धाडलं. येताना एस्टीत ती म्हणाली, ‘आवं, मग मी तुमची कोन?’”

त्यांनी हातातल्या अर्जाची घडी घातली.

“सांगायच्या आत गेली.”