छप्पन्न जणांनी ऐकलेली माफी

सोमवारी बेटावरच्या लाउतोका शहराच्या कामगार न्यायालयात उभं राहायचं, या विचारानेच मेरेवाईच्या अंगात वारं भरलं होतं! एकोणीस वर्षं हॉटेलातल्या चादरी ताणणारी बाई, आता थेट मालकाला भिडणार होती. पर्यटकांची विमानं थांबली आणि एका सकाळी तिच्यासकट छप्पन्न जणांना फाटकावरूनच घरी धाडलं. मंदीत माणसं कमी करता येतात, हे तिलाही कळत होतं. पण कायद्याने महिनाभर आधी लेखी कळवावं लागतं, कामगारांशी बोलावं लागतं. हॉटेलवाले छातीठोकपणे म्हणत होते, सूचना फळ्यावर केव्हाच लावली होती. खोटारडे मेले! पण पुरावा कुठे होता?

शनिवारी भलतंच झालं. हॉटेलचा व्यवस्थापक ग्रॅहम साहेब गावात आला, यांगोना या मानाच्या पेयाची मुळं घेऊन, माफी मागायला. मुळं स्वीकारली की राग मिटला, हा रिवाज. वकिलानेच शिकवून पाठवलं असणार.

गावचे वडीलधारे आपिसाई मामा चटईवरून हात पुढे करणार, तोच मेरेवाई ओरडली, “मामा, घेऊ नका! खटला बुडेल आपला!”

“गप गं! दारी आलेल्याची मुळं परत करायची? आईने हेच शिकवलं का तुला?” मामा साहेबाकडे वळले. “आधी चूक सांगा. न सांगितलेली चूक माफ कशी करायची?”

साहेब घुटमळला. काढलेल्या छप्पन्न जणांसकट सगळं गाव बघत होतं.

“न कळवता काढलं तुम्हाला. फळ्यावरचा कागद मागाहून लावला. चुकलं.”

मामांनी मुळं घेतली, रिवाजाच्या टाळ्या वाजल्या. मेरेवाई मात्र तोंड फिरवून रडली.

सोमवारी हॉटेलचा वकील ऐटीत उठला. “यांनी मुळं स्वीकारली आहेत. वाद मिटला.”

न्यायाधीश बाई त्याच मातीतल्या. त्यांनी चष्मा वर केला. “मग चूकही सांगितली असेल. कोणती?”

वकील कागद चाळू लागला. मेरेवाईच्या डोक्यात लख्ख उजाडलं. ती उठली, तिने साहेबाचे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले आणि मागे बसलेले पंचावन्न जण साक्षीला एकदम उभे राहिले. साहेबाने मान खाली घातली.

“राग आहे अजून?” बाईंनी विचारलं.

“नाही बाई, देवाशपथ मिटला. नोकरी परत मिळायची तेवढी राहिलीय.”

निकाल लागला: काढणं बेकायदा. सगळ्यांना परत घ्या. कमी करायचेच असतील, तर आधी यांच्याशी बोला.

बाहेर साहेबाने हात पुढे केला. मेरेवाईने तो आनंदाने धरला.

“उद्या चहा जास्त टाका, साहेब. छप्पन्न जण बोलायला येतोय.”