कोकमाच्या बाटलीतलं औषध

शाळेनं मला दुसरीतच सोडलं. मी शाळा सोडली असं म्हणत नाही, कारण मी गेल्यावर मास्तरांनाच जास्त बरं वाटलं. तरी अक्षराला अक्षर जोडून मराठी वाचता येतं. जन्मात एकदा नीट वाचून काम केलं, त्याची ही गोष्ट.

तेव्हा मी सरकारी जीप चालवायचो. तिकडे हिंदी मुलखात, शाहपुऱ्यात, आमच्या आसपास नागपूर-अमरावतीकडून नोकरीपायी आलेली बरीच घरं होती. चैत्रात घरोघरी हळदीकुंकू. गौर मांडायची, कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. वर्षभर भाजीवाल्याशी, शेजारणीशी हिंदी बोलून थकलेल्या बाया त्या दिवशी पोटभर मराठी बोलायच्या.

त्या वर्षी बायकोला उन्हाळी लागली होती. लघवीला आग, सारखं उठणं, ओटीपोटात कळ. धण्याचं पाणी झालं, जवाचं पाणी झालं, आराम नाही. मी म्हणायचो, "डॉक्टरकडे चल." ती म्हणायची, "त्या पुरुषमाणसाला काय सांगू? मरण बरं."

मग लेकीनं मोबाईलवर बघून अरेरा कॉलनीतल्या मोठ्या दुकानातून क्रॅनबेरी नावाच्या परदेशी फळाचा रस आणून दिला. लालभडक, आंबट, वर तुरट. बायको नाक दाबून प्यायची. पण आल्यागेल्यांनी फ्रिज उघडून "हे काय गं?" विचारू नये, म्हणून तिनं तो कोकमाच्या जुन्या बाटलीत ओतून ठेवला. आपल्याकडे बाटली कोण फेकतं? मला मात्र सांगितलं नाही. मला सांगणं म्हणजे चौकात सांगणं, हे तिला लग्न झाल्या झाल्या कळलं होतं.

हळदीकुंकवाला पन्हं कमी पडलं. मी स्वयंपाकघरात लपून डाळ खात होतो. बाहेरून हाक आली, "अहो, काहीतरी थंड करून द्या!"

फ्रिज उघडला. बाटलीवर बोट ठेवून वाचलं, को-क-म. छाती अशी फुगली की बस. पाणी, साखर, जिरेपूड, काळं मीठ, बर्फ. ट्रे घेऊन मीच बाहेर गेलो.

बायकोनं रंग बघितला आणि तिचा चेहरा पडला. "हे... कोणत्या बाटलीतलं?"

"कोकमाच्या! सगळं संपवलं. बाटली धुऊनही ठेवली."

बाया प्यायल्या. "भाऊजी, काय झकास झालंय हो!" मी मान तुकवत होतो. तेवढ्यात सगळ्यांत वडील काकू एक घोट घेऊन थांबल्या.

"हे कोकम नाही."

"काकू, बाटलीवर लिहिलंय!"

"लिहिलं असेल. माझी सून मला हेच पाजते." मग बायकोकडे वळून म्हणाल्या, "काय गं पोरी, कधीपासून जळजळतंय?"

बायकोनं पदर तोंडाला लावला. मग कोपऱ्यातली एक हळूच म्हणाली, "मला तर दर उन्हाळ्यात होतं." दुसरी म्हणाली, "मी अजून कोणाला सांगितलंच नव्हतं, बाई." आणि धरणाचं दार उघडावं तशा सगळ्या बोलायला लागल्या.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "तू काहून उभा? आपलं कोकम घे आन आत जा!"

आत गेलो, पण कान बाहेर. बायको सांगत होती, "आता पाठ दुखते. अंगात ताप असतो." हे मला ठाऊकच नव्हतं. एका छपराखाली राहून ठाऊक नव्हतं. हातातली डाळ तशीच राहिली.

काकू म्हणाल्या, "मग हे रसानं भागायचं नाही. उद्या माझ्यासोबत चल. माझी डॉक्टर बाईमाणूस आहे."

त्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, गोळ्या दिल्या. म्हणाल्या, हा रस कोणाकोणाला पुन्हा होऊ नये म्हणून उपयोगी पडत असेल, पण लागलेली आग तो विझवत नाही. ताप आणि पाठ दुखेपर्यंत थांबायचंच नव्हतं. गोळ्या पुऱ्या केल्यावर बायको बरी झाली. मला मात्र वर्षभर गल्लीत "कोकमवाले भाऊजी" म्हणत.

आता ती घरं पांगली. कोणी रिटायर होऊन नागपूरला, कोणी मुलांकडे पुण्याला. काकू राहिल्या नाहीत. चैत्रात बायको उरल्यासुरल्या जणींना बोलावते, त्यांच्या सुनांनाही. त्या निम्मं हिंदीच बोलतात. कोकम ती स्वतः करते, मला बाटलीला हात लावू देत नाही. पहिला घोट घेते, काकूंसारखीच थांबते, एकेकीच्या तोंडाकडे बघत विचारते, "काय गं, सगळ्यांचं बरंय ना?"

मग मी कोणी न सांगता आत जातो.